‘सवडीने’ची खूण करायला शिका

मोबाइलमधल्या यादीत कोणते काम वर न्यायचे, हे सगळ्यांनाच कळते. पण कोणते मागे ठेवायचे, ते कसे नोंदवायचे आणि मागे ठेवण्याचा अधिकार कोणाचा?

आजकाल घरोघरी कामांची यादी मोबाइलमध्ये असते. पूर्वी ती भिंतीवरच्या कालनिर्णयच्या चौकोनांत असायची. दूधवाल्याचे खाडे, नवा सिलिंडर लावल्याची तारीख, विम्याचा हप्ता, भाचीच्या लग्नाचा मुहूर्त, सारे काही त्या इवल्याशा चौकटीत मावायचे. जागाच कमी असल्यामुळे किरकोळ काम तिथे सहसा यायचे नाही. मोबाइलच्या यादीला मात्र तळच नाही. जे सुचेल ते टिपून ठेवावे आणि विसरून जावे! मग एखाद्या सोमवारी सकाळी, डबे भरता भरता ती यादी उघडावी, तर काय दिसते?

शाळेची फी. गॅसची नळी बदलणे. सासूबाईंच्या कर्णयंत्राचे सेल. प्राप्तिकराचे विवरणपत्र. माळ्यावरची जुनी मासिके काढणे. पडद्यांना अस्तर. नणंदेला फोन. दाताच्या डॉक्टरांची वेळ घेणे. बँकेत नॉमिनीचे नाव लावणे. शिलाई मशीनला तेल… अशी वीसएक कामे आणि त्यांतल्या चौदा कामांपुढे ‘महत्त्वाचे’ म्हणून तारा!

तारा लावणे सोपे असते. काम ज्या क्षणी सुचते, त्या क्षणी ते तातडीचेच वाटते. मासिकांच्या गठ्ठ्यावरून झुरळ पळाले की माळा आवरणे हे जगातले पहिले काम होऊन बसते. झुरळ दिसेनासे होते, तारा तसाच राहतो. दर आठवड्याला नवे तारे लागतात, जुने कोणी काढत नाही. अशा यादीत खरे म्हणजे ताऱ्याची नव्हे, त्याच्या उलट खुणेची गरज असते. ‘हे काम आहे, पण सवडीने’ असे सांगणारी खूण. आपल्या भाषेत त्यासाठी किती छान शब्द आहे पाहा! सवडीने म्हणजे ‘नको’ नव्हे आणि ‘आत्ता’ही नव्हे.

सोळा कामांना उभे करायचे?

समजा, तुमच्या यादीत वीस कामे आहेत. तीन अगदी तातडीची, सोळा नेहमीची आणि एक ते मासिकांचे, जे दिवाळीपर्यंत झाले तरी चालेल. तातडीच्या तिन्हींना तारा लावला, त्यांचा प्रश्न मिटला. पण मासिकांचे काय? ते नेहमीच्या सोळा कामांत मिसळून बसते. रोज नजरेला पडते, रोज टोचते आणि रोज ‘आज नाही’ म्हणून पुढे ढकलले जाते. ज्या ॲपमध्ये फक्त वर नेण्याचीच सोय आहे, तिथे त्याला मागे सारण्याचा एकच मार्ग उरतो. बाकीच्या सोळा कामांना एकेक करून वर चढवायचे! एका कामाला खाली बसवण्यासाठी सोळा जणांना उभे करायचे, असा हा द्राविडी प्राणायाम.

म्हणूनच ज्याला काहीच खूण नाही असे साधे काम यादीच्या मधोमध असावे लागते. त्याच्या वर तातडीची दोन-चार कामे आणि त्याच्या खाली सवडीची. बहुसंख्य कामे मधली असतात, त्यांना हातही लावावा लागत नाही. खूण करायची ती फक्त दोन्ही टोकांना.

ही गोष्ट सगळ्याच ॲपवाल्यांनी लक्षात घेतलेली नाही. टिपणे ठेवण्याच्या ‘ऑब्सिडियन’ या ॲपला कामांसाठी ‘टास्क्स’ नावाची जोड मिळते. तिच्यात सहा पायऱ्या आहेत. तीन साध्या कामाच्या वरच्या, मग खूण नसलेले साधे काम आणि त्याच्या खाली ‘लो’ व ‘लोएस्ट’ अशा दोन. म्हणजे इथे ‘लो’ म्हटले की काम खरोखरच खाली जाते. कार्स्टेन डॉमिनिक या खगोलशास्त्रज्ञाने २००३ साली स्वतःच्या टिपणांसाठी ‘ऑर्ग-मोड’ ही व्यवस्था तयार केली. तिच्यात ए, बी आणि सी अशी अक्षरे आहेत आणि ज्या कामाला अक्षरच नाही ते ‘बी’ धरले जाते. पुन्हा तेच, खूण नसलेले मध्यभागी. संगणकांनी एकमेकांना कामे आणि भेटी कळवाव्यात यासाठी १९९८ साली जी सामाईक पद्धत ठरली, तिच्यात १ ते ९ असे आकडे आहेत. १ सर्वांत निकडीचा, ५ मधला, ९ सर्वांत मागचा. कार्यालयांत वापरल्या जाणाऱ्या आउटलुकमध्येही ‘हाय’, ‘नॉर्मल’ आणि ‘लो’ असे तीन प्रकार आहेत. साहेबांना पाठवलेल्या पत्रावर ‘लो’ची खूण करणारा माणूस मात्र अजून आमच्या पाहण्यात नाही!

आता दुसरी बाजू पाहा. ‘टोडोइस्ट’ या लोकप्रिय ॲपमध्ये चार पायऱ्या आहेत, पण चौथी पायरी म्हणजेच साधे काम. त्याच्याखाली जागाच नाही. मायक्रोसॉफ्टच्या ‘टू डू’मध्ये तारा आहे किंवा नाही, इतकाच हिशेब. आयफोनच्या ‘रिमाइंडर्स’मध्ये तर गंमतच आहे. तिथे ‘लो’ निवडले की कामापुढे एक उद्गारचिन्ह उमटते. ‘मीडियम’ला दोन, ‘हाय’ला तीन. आता, ज्या कामावर नजर पडू नये म्हणून तुम्ही ‘लो’ म्हणालात, त्यालाच उद्गारचिन्ह लागले तर नजर कुठे जाणार? ‘गूगल कीप’मध्ये असा अग्रक्रम मुळातच नाही. टिपणाला पिन लावून वर ठेवा, नाही तर संग्रहात टाका. आणि व्हॉट्सॲपवर स्वतःलाच संदेश पाठवून यादी करणारे तर आपल्याकडे पुष्कळ आहेत. २०२२ पासून तशी खास सोयही झाली आहे. तिथे शेवटी सुचलेले काम शेवटी दिसते, बाकी क्रम काही नाही.

तुमच्या ॲपमध्ये ‘लो’चा अर्थ काय आहे, हे दोन मिनिटांत तपासता येते. दोन खोटी कामे लिहा, एकाला ‘लो’ लावा, दुसऱ्याला काहीच लावू नका आणि यादी अग्रक्रमाने लावून पाहा. ‘लो’ वर आले तर ती खूण सवडीच्या कामांना वापरू नका. त्याऐवजी सरळ ‘सवडीने’ नावाची वेगळी यादी करा किंवा त्याच टिपणाच्या तळाशी ‘सवडीने’ असा मथळा लिहून कामे बोटाने खाली ओढा. आमच्या मते तर सामान्य घराला एवढेच पुरते. सहा पायऱ्यांची उतरंड ज्यांना हवी त्यांनी जरूर वापरावी. पण अस्तर चौथ्या पायरीवर ठेवायचे की पाचव्या, या विचारात जेवढा वेळ जातो, तेवढ्यात मशीनला तेल घालून होते.

सवडीचे आणि जपायचे

पण थांबा! बोटाने काम खाली ओढण्यापूर्वी एक फरक समजून घ्यायला हवा. ज्याला मुदत नाही ते काम बिनमहत्त्वाचे असतेच असे नाही.

२०१८ साली मेंग झू, यांग यांग आणि क्रिस्टोफर सी या संशोधकांनी ग्राहकांच्या वागणुकीवरील एका नियतकालिकात काही प्रयोग प्रसिद्ध केले. लोकांपुढे दोन कामे ठेवली होती. एकाचा मोबदला कमी, पण मुदत लवकर संपणारी. दुसऱ्याचा मोबदला जास्त आणि मुदत भरपूर. हातात दोन्हींसाठी वेळ असूनही अनेकांनी घाईचे, पण कमी मोबदल्याचे काम उचलले. केवळ ‘मुदत संपते आहे’ हा भास माणसाला ओढून नेतो. सेलच्या जाहिरातीतले ‘फक्त आजच’ आपल्याला का ओढते, ते आता कळले ना?

आता तीच यादी पुन्हा वाचा. गॅसच्या रबरी नळीला कोणी शेवटची तारीख कळवत नाही. शेगडी रोज पेटते, मग घाई कसली? पण नळी साधारण पाच वर्षांनी बदलावी असे सांगितले जाते आणि मुदत तिच्यावरच छापलेली असते. शेगडीमागे वाकून ती वाचायची तेवढी राहून जाते. बँकेतल्या नॉमिनीचेही असेच. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला एकाऐवजी चारपर्यंत नॉमिनी नेमता येतात. काम एका अर्जाचे. ते झाले नाही म्हणून उद्या काही अडत नाही. अडते ते खातेदार गेल्यावर, आणि तेही मागे राहिलेल्यांचे. वाहन चालवण्याच्या परवान्याची मुदत संपून वर्ष उलटले की साधे नूतनीकरण होत नाही, चाचणी पुन्हा द्यावी लागते. शाळेची फी कोणी विसरत नाही, कारण शाळा विसरू देत नाही. प्राप्तिकराच्या विवरणपत्रालाही पगारदारांसाठी ३१ जुलैचा धाक असतो. पण ज्यांच्यामागे धाक नाही, ती कामे खाली घसरायला सर्वांत आधी तयार असतात.

अशा कामांना ‘सवडीने’ची खूण करू नये असे नाही. करा, पण तारीख घालून. ‘नॉमिनी, सवडीने’ असे न लिहिता ‘नॉमिनी, दुसऱ्या शनिवारनंतरच्या सोमवारी पासबुक घेऊन’ असे लिहा. दिवस आणि साधन लिहिले की काम खाली असूनही जिवंत राहते. शिवाय डोक्याची कटकटही कमी होते. अपुरी कामे मनात घोळत राहतात, हे ब्लूमा झायगार्निक या मानसशास्त्रज्ञ महिलेने १९२७ सालीच दाखवले होते. २०११ साली मॅसिकॅम्पो आणि बाउमायस्टर यांच्या प्रयोगांत असे आढळले, की काम पूर्ण केले नाही, पण ते कधी आणि कसे करायचे हे नेमके ठरवले, तरी ही घोळणूक बरीच शमते.

मासिके, अस्तर, मशीनचे तेल यांना मात्र तारखेचा जाच नको. ती खरीखुरी सवडीची कामे. तिसरा एक प्रकार आहे तो ‘यंदा नाही’चा. संगणकाच्या धंद्यात १९९४ साली डाय क्लेग यांनी कामांची चार गटांत विभागणी करण्याची पद्धत सुचवली. व्हायलाच हवे, व्हावे, झाले तर बरे आणि या वेळी नाही. यातला चौथा गट घराला फार उपयोगी आहे. ‘फ्रिज बदलणे, यंदा नाही’ असे एकदा दोघांनी मिळून लिहून टाकले की दर महिन्याच्या पहिल्या तारखेचा वाद तरी वाचतो.

कोणाचे काम खाली जाते?

इथवर सारे ठीक होते, कारण यादी एकाच माणसाची होती. पण आता पती-पत्नी एकच यादी दोन मोबाइलवर पाहतात. कॉलेजात जाणारी मुलेही त्यात असतात. सामान आणायला, बिले भरायला ही सोय उत्तमच. मात्र यादी सर्वांची झाली की खूणही सर्वांच्या हातात येते आणि घरातला खरा क्रम कागदावर नव्हे, पडद्यावर उघडा पडतो.

तुमच्या घरातली यादी उघडा आणि तळाला गेलेली कामे कोणाची आहेत ते मोजा. मुलाच्या शिकवणीचे काम तळाला नसते. पतीच्या गाडीचे सर्व्हिसिंगही सहसा नसते. तळाला सापडते ती तिच्या दाताच्या डॉक्टरांची वेळ, तिचा चष्म्याचा नंबर, तिचे रक्त तपासणे, तिने अर्धवट सोडलेला संगीताचा क्लास. आणि बहुतेक वेळा ही खूण तिनेच केलेली असते! कोणी सांगितलेले नसते. ‘माझे काय, होईल सवडीने,’ असे म्हणत तिचे बोट सवयीने स्वतःचेच काम खाली ओढते.

ही सवड तिला कधी मिळते? केंद्र सरकारने २०२४ साली केलेल्या वेळेच्या वापराच्या पाहणीत घरातली बिनमोबदल्याची कामे करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे वेळ जातो असे आढळले. अशी कामे करणाऱ्या पुरुषांचा ८८ मिनिटे. जवळजवळ पाच तास एकीकडे आणि दीड तास दुसरीकडे. शिवाय सिलिंडर कधी संपेल, इस्त्रीचे कपडे आले का, पाहुण्यांना किती पोळ्या लागतील, हे डोक्यात बाळगण्याचा वेळ कोणत्या मिनिटांत मोजायचा? ज्या स्त्रीकडे सवड सर्वांत कमी, तिच्याच कामांवर ‘सवडीने’ लिहिले जाते, हे आपण रोज पाहतो.

तब्येतीच्या बाबतीत हे फारच महागात पडू शकते. सरकारी आरोग्य कार्यक्रमात तिशीपुढच्या सर्वांची रक्तदाब, मधुमेह आणि तोंडाचा कर्करोग यांसाठी तपासणी करतात, स्त्रियांची स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठीही. या तपासण्या काहीही दुखत नसतानाच करायच्या असतात. म्हणजे त्या स्वभावतःच ‘आज नाही केले तरी चालेल’ या वर्गातल्या! म्हणून तब्येतीच्या कोणत्याही कामाला खालची खूण करायची नाही, असा घराचा नियमच करून टाकावा. दाताचे काम तीन आठवडे पुढे जाऊ द्या, पण तारीख लावून जाऊ द्या.

दुसरे, आजी-आजोबांची कामे. त्यांच्या हातात बहुधा यादी नसते. ते सांगतात, दुसरे कोणी लिहून घेते आणि तोच त्यांचा क्रम ठरवतो. कर्णयंत्राच्या सेलचेच पाहा.

“अरे, माझ्या सेलचं काय झालं?”

“आई, यादीत आहे. खाली आहे, पण आहे.”

“खाली म्हणजे कधी?”

या प्रश्नाला मुलाजवळ उत्तर नसते. त्याच्या दृष्टीने ते दुकानात जाता जाता करण्याचे दहा मिनिटांचे किरकोळ काम. पण कर्णयंत्राचे छोटे सेल बहुधा आठवडा-दोन आठवडेच टिकतात. ते संपले की आईंना दारावरची बेल, नातवाची हाक आणि रात्रीची मालिका, तिन्ही बंद. काम किरकोळ आहे की मोठे, हे ज्याचे अडले आहे त्यानेच सांगायचे. निवृत्तिवेतनधारकांचा हयातीचा दाखलाही असाच. दर नोव्हेंबरला द्यायचा आणि तो राहिला तर निवृत्तिवेतन थांबते. आता घरबसल्या मोबाइलवर चेहरा दाखवून तो देता येतो. पण मोबाइल नातवाचा, म्हणजे सवडही नातवाची! आजोबा बिचारे दोनदा आठवण करतात आणि तिसऱ्यांदा संकोचतात.

म्हणून सामाईक यादीत एक पथ्य पाळावे. ज्याचे काम त्यानेच खाली ओढायचे. दुसऱ्याचे काम मागे ठेवायचे असेल, तर त्याला विचारायचे. “अगं, तुझ्या क्लासची फी पुढच्या महिन्यात भरली तर चालेल का?” हा प्रश्न विचारायला अर्धे मिनिट लागते. न विचारता काम तळाला गेलेले दिसले की जी आठ दिवसांची अबोला-मोहीम सुरू होते, तिच्यापेक्षा हे स्वस्त! आजी-आजोबांसाठी यादी मोठ्याने वाचून दाखवावी. “हे आधी, हे नंतर, चालेल ना?” एवढेच विचारले तरी त्यांना बरे वाटते आणि कित्येकदा ते स्वतःहून म्हणतात, “ते राहू दे रे, तुला जमेल तेव्हा.”

पत्नीने स्वतःचेच काम खाली ओढले तर? तिथे घरच्यांनी थोडी दांडगाई करायला हरकत नाही. पतीने ते काम पुन्हा वर आणून त्यापुढे वार लिहावा. आणि त्या वारी संध्याकाळचा स्वयंपाक कोण करणार, तेही त्याच ओळीत लिहावे. नाही तर डॉक्टरांची वेळ वर आली आणि पोळ्याही तिच्याच वाट्याला राहिल्या, असे व्हायचे.

रविवारची दहा मिनिटे

सवडीच्या यादीला कोणी उघडलेच नाही, तर ती माळाच होते. ‘गेटिंग थिंग्ज डन’ या २००१ सालच्या पुस्तकात डेव्हिड ॲलन यांनी ‘कधीतरी, जमल्यास’ अशा कामांची वेगळी यादी ठेवायला सांगितले आणि दर आठवड्याला सगळ्या याद्या पाहायलाही सांगितले. लोकांनी पहिले अर्धे उचलले!

रविवारी सकाळी चहाच्या वेळी दहा मिनिटे पुरतात. सवडीच्या यादीतले एखादेच काम वर घ्यावे, तेही त्या आठवड्यात खरोखर जागा असेल तरच. पडद्यांचे अस्तर दसऱ्याच्या आधी वर येईल, मशीनचे तेल फॉल-बिडिंगच्या दिवशी. पाच मिनिटांत होण्यासारखे काही असेल, तर त्याला खूण करत बसू नये, उठून करून टाकावे. नणंदेचा फोन त्यातलाच, अर्थात नणंदेवर अवलंबून.

आणि जे काम सहा महिने तळाशी आहे, ज्याच्यावाचून कोणाचे काही अडले नाही आणि ज्याला कोणी ‘माझे’ म्हणत नाही, ते बेलाशक खोडावे किंवा दुसऱ्याला द्यावे. मासिकांचा गठ्ठा रद्दीवाल्याला माळ्यावरून काढून न्यायला सांगितला, तर तो आनंदाने नेतो. फक्त त्याआधी घरात एकदा विचारून घ्या. त्यात कोणाचे तरी पाककृतींचे विशेषांक असतात.